आठ आण्यांचं अंतराळयुद्ध आणि व्यस्त चलन



2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मंडळींना ही तारीख वेगळी सांगायला नको. अंधार पडल्यावर आकाशातून पेटत्या रेघा गेल्या. लोक अंगणात येऊन वर बघत उभे राहिले. कुणी उल्का म्हटलं, कुणी विमान पडलं म्हटलं. थोड्याच वेळात बातमी आली की सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भली मोठी कडी पडली आहे. माणसाच्या उंचीपेक्षा मोठी. पवनपारकडे धातूचा गोळाही सापडला. नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ सिंदेवाहीला येऊन ते तुकडे पाहून गेले. चीनने 2021 च्या फेब्रुवारीत सोडलेल्या रॉकेटचा वरचा टप्पा परत येताना जळाला आणि त्याचे न जळलेले भाग आपल्याकडे पडले, असं अभ्यासकांचं मत पडलं. नशीब की कुणाला लागलं नाही.

सोमवारी वर्गात दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. रॉकेटचे टप्पे, कक्षा, हवेचं घर्षण, जे काय सांगता येईल ते सांगितलं. एक पोट्टा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, हे त गेमातल्यावानी झालं. वरून येतेत, आपण खालून मारायचं." सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी एक आवाज सुरू झाला, जो मी चौतीस वर्षांत ऐकला नव्हता. धम, धम, धम, धम. चार जाडे सूर, एकाखाली एक उतरणारे, पुन्हा पुन्हा.

तो आवाज कुठला, हे सांगतो. पुढे गणित येणार आहे, तेव्हा पालकांनी घाबरू नये. आठवीपर्यंतचंच आहे.

1988 साली मी सातवीत होतो. आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर एक व्हिडिओ पार्लर होतं. मागच्या खोलीत व्हीसीआरवर सिनेमे दाखवायचे, आणि पुढच्या खोलीत मालकाने नागपूरहून आणलेली एक मशीन ठेवली होती. लाकडी कपाटासारखी, छातीच्या उंचीवर काच, खाली दांडी आणि एक बटन. आठ आणे टाकले की खेळ सुरू. मशीनवरचं नाव उडालेलं होतं, आम्ही त्याला 'खेकडेवाला गेम' म्हणायचो. कारण वरून जे येत, ते खेकड्यांसारखे दिसत. पाच रांगा, एका रांगेत अकरा. सगळे मिळून उजवीकडे सरकत, कडेला पोचले की एक पायरी खाली उतरत, मग डावीकडे. आपल्याकडे खाली एक तोफ आणि आडोशाला चार भिंती. त्या भिंतीही गोळ्यांनी झिजत जायच्या, शत्रूच्या आणि आपल्यासुद्धा. खेकडे खाली जमिनीला टेकले, की खेळ खलास.

पडद्याच्या खालच्या भागात आले की ते हिरवे व्हायचे. आमच्यात एकमत होतं की ते तेव्हा विषारी होतात. खरं कारण मला मोठेपणी कळलं आणि वाईट वाटलं. पडदा मुळात काळापांढराच होता. त्यावर रंगीत पारदर्शक कागदाच्या पट्ट्या लावलेल्या असत. खाली हिरवी पट्टी, म्हणून खाली आलेला प्रत्येक जण हिरवा.

या खेळाचं खरं नाव 'स्पेस इन्व्हेडर्स'. जपानच्या तायतो कंपनीने 1978 मध्ये काढला. बनवणारे गृहस्थ तोमोहिरो निशिकादो. खेळाची कल्पना, चित्रं, आज्ञावली आणि आतलं यंत्र, सगळं जवळजवळ एकट्याने केलं. आधी त्यांच्या मनात विमानं आणि रणगाडे होते, पण ते पडद्यावर नीट हलेनात. माणसं हलवणं सोपं जात होतं, पण माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ बरा दिसेना. मग एच. जी. वेल्सच्या कथेतले ऑक्टोपससारखे मंगळवासी त्यांच्या मदतीला आले, आणि पडद्यावर ऑक्टोपस, खेकडा आणि माकुल उतरले. म्हणजे आमचं 'खेकडेवाला' हे नाव एक तृतीयांश तरी बरोबर होतं. हा खेळ आला तेव्हा जपानमध्ये शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, अशी एक गोष्ट फार सांगितली जाते. ती दंतकथा आहे, मुलांना सांगाल तर दंतकथा म्हणूनच सांगा.

योगायोग बघा, आपल्याकडेही ती वर्षं आकाशाकडे बघण्याची होती. 1979 च्या जुलैमध्ये स्कायलॅब कुठे पडणार म्हणून गावोगाव घबराट होती. त्याच वर्षी जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. नारळीकरांचे परग्रहवासी मात्र आमच्या खेकड्यांपेक्षा पुष्कळच सुसंस्कृत होते.

आता मुद्द्यावर येतो. ज्यांनी हा खेळ खेळला आहे, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. सुरुवातीला खेकडे सुस्त असतात. पाय ओढत चालल्यासारखे. जसजसे तुम्ही त्यांना मारत जाता, तसतसे उरलेले जास्त जोरात पळतात. आणि शेवटचा एक? तो असा सुटतो की डोळ्यांना सापडत नाही. तो आवाजही त्यांच्याबरोबर वेग घेतो, धम… धम… चं धमधमधमधम होतं, आणि तळहाताला घाम सुटतो.

आम्हाला वाटायचं, भाऊबंद मेले म्हणून ते चिडतात. माझा एक मित्र तर शपथेवर सांगायचा की शेवटचा त्यांचा राजा असतो. मशीनच्या आत काय चाललेलं असतं ते ऐका, राजापेक्षा ते भारी आहे.

त्या मशीनमध्ये इंटेलचा 8080 नावाचा प्रोसेसर होता. आजच्या साध्या मोबाईलपुढे तो म्हणजे बैलगाडीसुद्धा नाही. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा नवं होतं. पण पंचावन्न खेकडे एकाच वेळी पुसून पुढच्या जागी काढायचे, एवढी त्या प्रोसेसरची ताकद नव्हती. म्हणून असं ठरलेलं, की एका वेळी एकच खेकडा हलवायचा. पहिल्या चित्रात पहिला, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात तिसरा. पंचावन्नावा हलला की पुन्हा पहिला. म्हणजे सगळ्या सैन्याचं एक पाऊल पडायला पंचावन्न चित्रं लागायची, जवळजवळ एक सेकंद. बारकाईने पाहिलं तर सैन्यातून एक लाट गेल्यासारखी दिसते, ती यामुळेच.

आता त्यातले निम्मे मेले असं समजा. मेलेल्याचा नंबर लागत नाही. उरलेल्या सत्तावीस-अठ्ठावीस जणांची पाळी अर्ध्या वेळात फिरून येते. वेग दुप्पट. पाच उरले, तर अकरा पट. एकच उरला, तर प्रत्येक चित्रात त्याचीच पाळी, सेकंदाला साठ पावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो दोन सेकंदांच्या आत जातो.

कुणीही त्याला 'आता जोरात पळ' असं सांगितलेलं नाही. मशीन तेवढंच काम करतंय, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच चालीने. फक्त कामाचे वाटेकरी कमी झाले. निशिकादोंच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी ती उणीव दुरुस्त केली नाही. उलट, रंगत वाढतेय म्हणून तशीच राहू दिली.

ओळखलंत ना? आठवीच्या गणितात 'चलन' प्रकरणात हेच आहे. व्यस्त चलन. एक राशी जेवढ्या पटीत कमी होते, तेवढ्या पटीत दुसरी वाढते आणि दोघींचा गुणाकार स्थिर राहतो. आपण वर्षानुवर्षं मजूर आणि दिवसांचीच उदाहरणं देत आलो. 'एक काम 12 मजूर 10 दिवसांत करतात, तर 8 मजूर किती दिवसांत करतील?' पोरं उत्तर काढतात, पण त्यांना काही दिसत नाही. आणि आमच्याकडची पोरं मजुरी आपल्यापेक्षा जास्त ओळखून आहेत. एकाने मला एकदा विचारलं होतं, "सर, आठच मजूर आले त ठेकेदार काम वाढवून देते का?" त्याला काय उत्तर देणार!

तर त्या एप्रिलमध्ये मी हा खेळ पटांगणात उतरवला. साहित्य म्हणाल तर खडू किंवा चुना, आणि दोन हात. चोवीस पोरं घेतली. चार रांगा, रांगेत सहा. प्रत्येकाला नंबर दिला. मी टाळी वाजवायची. एका टाळीला एकाच पोराने एक पाऊल उजवीकडे टाकायचं, नंबराप्रमाणे. बाकीच्यांनी जागेवर उभं राहायचं. (हे सगळ्यात अवघड. चौथ्या टाळीला सगळी फौज हलायला लागते. दोन-तीनदा मोडून पुन्हा सुरू करावं लागतं, कंटाळू नका.) बसलेल्या पोरांपैकी दोघं टाळ्या मोजतात, दोघं पावलं मोजतात. साठ टाळ्या झाल्या की थांबायचं.

चोवीस पोरांनी साठ टाळ्यांत अडीच पावलं टाकली. म्हणजे निम्म्या फौजेची तीन झाली, निम्म्यांची दोनच. इथे लगेच भांडण होतं, होऊ द्या. अडीच म्हणजे काय याची चर्चा फळ्यापेक्षा इथे बरी होते. मग बारा जणांना मारून बाजूला बसवलं. साठ टाळ्या, पाच पावलं. सहा उरले, दहा पावलं. तीन उरले, वीस. शेवटी एक मुलगी उरली. तिने साठ टाळ्यांत साठ पावलं टाकली आणि पटांगण संपून ती हापशीपर्यंत गेली. टाळीचा वेग मी तसूभरही वाढवला नव्हता. पोरांना ते पटेना. "सर, तुम्ही जोरात वाजवल्या," म्हणाली. मग टाळ्या त्यांच्याकडेच दिल्या. पुन्हा तेच.

वर्गात येऊन रकाने काढले. चोवीस गुणिले अडीच, साठ. बारा गुणिले पाच, साठ. सहा गुणिले दहा, साठ. 'स्थिरांक' हा शब्द मी त्या दिवशी शेवटी सांगितला. एरवी मी तो पहिल्या ओळीत सांगायचो. हे माझं चुकत होतं असं आता वाटतं.

या खेळात पोरांना शोधायला लावण्यासारखी आणखी एक गंमत आहे. मधूनच वरून एक उडती तबकडी जाते. तिला मारलं की कधी 50, कधी 100, कधी 300 गुण. नशिबाचा खेळ वाटतो. पण ते नशीब नाही. मशीन तुमच्या गोळ्या मोजत असते. तेविसाव्या गोळीने तबकडी पाडली तर 300, आणि त्यापुढे दर पंधराव्या गोळीला. म्हणजे 23, 38, 53, 68. अंकगणिती श्रेढी! तिकडे तरबेज खेळाडू मनात गोळ्या मोजत खेळत. आमच्या बसस्टँडवर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही तबकडी दिसली की गजाननाचं नाव घेऊन बटन दाबायचो.

घरी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले ते पुढे नव्वदीत. अँटेनाच्या जागी वायर लावायची, चॅनल जुळेपर्यंत बटन फिरवायचं. कॅसेटवर '9999 गेम' लिहिलेलं असायचं. खरे गेम मोजून पंधरा-वीस, बाकी तेच पुन्हा. त्यात 'गॅलॅक्सियन' नावाचा, खेकड्यांच्याच धाकट्या भावंडासारखा खेळ असायचा. त्यात शत्रू रांग सोडून अंगावर झेपावत. रंगीत होता, चांगलाही होता. पण लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा. महाऔष्णिक वीज केंद्र आमच्या जिल्ह्यात, कोळसा आमच्या जिल्ह्यातला, राख आमच्या छपरांवर, आणि भारनियमनही आमच्याकडेच! असो. तो वेगळा लेख होईल.

आता जे सांगायचं होतं पण टाळत होतो, ते सांगतो.

सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी बाबांनी मला दहा रुपये दिले होते. बाबा राईस मिलमध्ये हमाल होते. धानाची पोती उतरवायची, तांदळाची चढवायची. दहा रुपये म्हणजे जवळपास त्यांची दिवसभराची कमाई. मी ते शाळेत भरले नाहीत. आठ आण्यांचे वीस डाव झाले. एक डाव दोन मिनिटं धरा. चाळीस मिनिटांत दहा रुपये संपले. परीक्षेच्या दिवशी आईने डबा दिला. तो घेऊन मी दिवसभर तलावाच्या पाळीवर बसलो आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं की पेपर बरा गेला. बाबा पुढे कितीतरी दिवस विचारायचे, "निकाल लागला का रे?" मी म्हणायचो, नाही अजून. मग त्यांनी विचारणं बंद केलं. त्यांना काय कळलं होतं, काय नाही, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ गेल्या वर्षी आली.

जूनच्या शेवटी शाळा उघडली, तेव्हा आठवीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. तिच्या खात्यात तेंदूपत्त्याचे पैसे जमा झाले होते, त्यातले तेवीसशे रुपये गायब होते. बँकेत विचारलं तर मोबाईलवरून गेले म्हणाले. मोबाईल मुलाकडे. घरात वाचता येणारा तोच, म्हणून पैसे पाठवणं, रिचार्ज, पिन, सगळं त्यालाच माहीत. त्याने कुठल्याशा बंदुकीच्या गेममध्ये हिरे आणि कपडे घेतले होते. गेममधल्या माणसाचे कपडे.

मी तेव्हा जे केलं त्याची मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला नाव न घेता फळ्यावर उदाहरण घातलं. एका पुड्यात सत्तर पानं. त्यांच्या गावात त्या हंगामात शंभर पुड्यांना पाचशे रुपये मिळाले होते, म्हणजे पुड्याला पाच. तर तेवीसशे रुपयांचे पुडे किती, पानं किती? चारशे साठ पुडे. बत्तीस हजार दोनशे पानं. आमच्याकडे मे महिन्यात पहाटे जंगलात जाऊन, वाघाची भीती मनात ठेवून, एकेक पान तोडून आणायचं, घरी बसून मोजून पुडे बांधायचे, फळीवर नेऊन द्यायचे. हे प्रत्येक पोराला माहीत आहे. नाव न घेऊन काय उपयोग? सगळ्या वर्गाने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. गणित बरोबर होतं आणि शिक्षक चुकला होता. तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो गोठ्यात होता. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी त्याला खेकडेवाल्या गेमची गोष्ट सांगितली. मशीन, आठ आणे, वीस डाव, तलावाची पाळ, डबा. सगळं. त्याने शेवटपर्यंत मान वर केली नाही. मग हळूच विचारलं, "मंग सर, तुमच्या बाबाची किती पोती झाली?"

मला सांगता आलं नाही. पोत्यामागे काय दर होता हे मी कधी विचारलंच नव्हतं, आणि आता विचारायला बाबा नाहीत.

तिथून त्याच्याशी बोलणं सुरू झालं, आणि त्या बोलण्यातून मला माझ्या मशीनमध्ये आणि त्याच्या मोबाईलमध्ये काय फरक आहे ते नीट दिसलं. पालकांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

आमच्या मशीनचं गणित मालकाच्या बाजूने असं होतं. दोन मिनिटांना आठ आणे, म्हणजे मशीन सतत चालली तर तासाला पंधरा रुपये. एखादा मोठा पोरगा आठ आण्यांत अर्धा तास उभा राहिला, तर मालकाचं नुकसान. म्हणून खेळाचं काम काय? तुम्हाला लवकर हरवून बाहेर काढणं. खेकडे वेग घेतात, एक फौज मारली की पुढची आणखी खालून सुरू होते. हा खेळ जिंकता येतच नाही, त्याला शेवटच नाही. हरायचं, आणि खिशात हात घालायचा. खिसा रिकामा झाला की घरी जायचं. निर्दयी होतं, पण पाकिटाचा तळ दिसायचा. माझा दहा रुपयांचा गुन्हा दहा रुपयांवर थांबला, कारण अकरावा रुपया नव्हता.

मोबाईलवरचा खेळ फुकट आहे. त्यामुळे तुम्हाला बाहेर काढण्यात त्याचा फायदा नाही, अडकवून ठेवण्यात आहे. रोज आलात तर बक्षीस, नाही आलात तर कालचं बक्षीस बुडालं. आणि पैसे मागताना तो रुपये म्हणत नाही. आधी रुपयांचे हिरे करायचे, मग हिऱ्यांनी वस्तू घ्यायची. एकशे वीस हिऱ्यांचा शर्ट म्हणजे किती रुपये, हा त्रैराशिकाचा प्रश्न खेळणाऱ्याने मनात सोडवायचा नसतो, म्हणूनच तर मध्ये हिरे आणलेत. शिवाय हिरे मिळतात शंभराच्या किंवा तीनशेच्या गठ्ठ्यात. एकशे वीसचा शर्ट घ्यायचा तर शंभर पुरत नाहीत, तीनशे घ्यावे लागतात आणि एकशे ऐंशी उरतात. ते उरलेले दिसत राहतात, म्हणून परत काहीतरी घ्यावंसं वाटतं. पेटी उघडा, आत काय निघेल ते नशीब, हा प्रकार तर आमच्या जत्रेतल्या सोडतीचाच. फक्त जत्रा चार दिवसांनी उठते.

हे सगळं त्या मुलाने मला समजावलं बरं का, मी त्याला नाही. मी फक्त वहीवर रुपये आणि हिरे असे दोन रकाने आखून दिले. त्याने स्वतःच्या खरेदीतून हिऱ्याचा भाव काढला, तर दर वेळी वेगळाच निघाला. "सर, हे सम चलन नाही होय," म्हणाला. खरं होतं. मोठा गठ्ठा घेतला की भाव उतरायचा.

पालकांना माझी विनंती साधी आहे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती लावून घ्या. ज्या खात्यात मजुरीचे, तेंदूचे, धानाचे पैसे येतात, ते खाते मुलं खेळतात त्या मोबाईलला जोडून ठेवू नका. स्वतःला वाचता येत नसेल तर गावातल्या शिक्षकांना सांगा, आम्ही लावून देतो. पोराला मारू नका. त्याच्या आईने मारलं नव्हतं, ती नुसती रडली होती, आणि तो मला म्हणाला की मारलं असतं तर बरं झालं असतं. ते दोन्हीही नको.

तो मुलगा परत आला तेव्हा वर्गात चलनाचं प्रकरण चालू होतं. फौज पुन्हा पटांगणात उभी केली. यावेळी पोरांनी हट्ट धरला की तोफही पाहिजे, नुसतेच खेकडे काय कामाचे. तोफवाला म्हणून त्यालाच घेतलं. नियम असा ठरला, की सगळ्या खेकड्यांची पाळी झाली की एक टाळी तोफेची. त्या टाळीला त्याने डावीउजवीकडे एक पाऊल सरकायचं किंवा कागदाचा बोळा फेकायचा, दोन्ही नाही. खऱ्या खेळातही तुमची एक गोळी हवेत असेपर्यंत दुसरी सुटत नाही, त्यामुळे नेम चुकला की वेळ जातो. पोरांनी ते न सांगता बरोबर बसवलं.

खेळ रंगला, पण रकाने चुकले. बारा पोरांची साठ टाळ्यांत पाच पावलं व्हायला हवी होती, ती पुरती होईनात. एकटा उरलेला तीसच पावलं गेला, साठ नाही. गुणाकार साठ येईना. मला वाटलं मोजणाऱ्यांनी घोळ घातला. मी पुन्हा मोजायला लावणार, तेवढ्यात तोफवाला पुढे आला. "सर, माझी टाळी कोणी धरलीच नाही. मी पण रांगेतच आहो ना."

त्याने खडू घेतला, पहिल्या रकान्यातले आकडे पुसले आणि प्रत्येकात एक मिळवून लिहिले. चोवीसच्या जागी पंचवीस, बाराच्या जागी तेरा, एकाच्या जागी दोन. दोन गुणिले तीस, साठ. तेराला साठ टाळ्यांत किती पावलं, याचा भागाकार करायला तो तिथेच पटांगणात खाली बसला.